दर्या आणि दऱ्या : स्वप्रकाशित पुस्तकाच्या फॉन्टविषयी काही आग्रह

स्वखर्चाने पुस्तक काढणाऱ्या लेखकाला आपल्याकडे सल्ल्यांची कमतरता नसते. प्रस्तावना कोणाची घ्यावी, प्रकाशनाला पाहुणा कोण बोलवावा, प्रती शंभर काढाव्यात की तीनशे, भेटीच्या प्रती कोणाला द्याव्यात आणि कोणाला देऊ नयेत, यावर मित्रमंडळी तासन्‌तास बोलतात. हे पुस्तक कोणत्या अक्षरांत छापायचे, हा प्रश्न मात्र 'ते डीटीपीवाला बघेल' या एका वाक्यात निकालात निघतो. आमचे भांडण या वाक्याशी आहे. डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात मराठी शिकवताना हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकले आहे आणि त्याची किंमत इतरांना मोजताना इतक्यांदा पाहिले आहे, की त्याचा सविस्तर प्रतिवाद करणे आम्हांला आवश्यक वाटते.

एका साध्या उदाहरणापासून आरंभ करू. डहाणूच्या पश्चिमेस दर्या आहे आणि पूर्वेस, जव्हारकडे चढत जाणाऱ्या डोंगरांत, दऱ्या आहेत. या दोन शब्दांतला भेद मराठी लेखनात र च्या दोन रूपांवर उभा आहे. एकात तो रफार होऊन अक्षराच्या डोक्यावर बसतो, दुसऱ्यात लहानशी आडवी वळणदार रेघ होऊन पुढच्या अक्षराला बिलगतो. व्याकरणाच्या तासाला आचार्यांना आणि आचाऱ्यांना एकाच पंगतीत बसवून आपण सारे हा फरक शिकवत आलो आहोत. आता असा फॉन्ट घ्या, की ज्यात हे दुसरे रूप नाही, किंवा असूनही ते उमटत नाही. मग दऱ्यांचा दर्या होतो, किंवा र चा पाय मोडून शब्दाचे दोन तुकडे पडतात. लेखकाने शुद्ध लिहिले, मुद्रितशोधकाने शुद्ध तपासले आणि छापून अशुद्ध आले. असे अनेक पानांवर घडते तेव्हा वाचक दोष लेखकाच्या पदरी टाकतो. लेखक आदिवासी असेल तर तो दोष 'यांना लेखन येत नाही' या आधीच तयार असलेल्या खणात जाऊन पडतो. फॉन्टची निवड हा सजावटीचा प्रश्न आहे असे मानणाऱ्यांनी या खणाचा विचार करावा.

या भागात स्वप्रकाशन हा हौसेचा मामला नाही. वारली, कोकणा, धोडिया, काटकरी, मल्हार कोळी अशा समाजांतील जी पिढी आज महाविद्यालयांत शिकते आहे किंवा नुकतीच शाळांत शिकवू लागली आहे, तिच्यापाशी सांगण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्यासाठी मोठा प्रकाशक मिळण्याची शक्यता फार थोडी. त्यातले सर्वांत निकडीचे काम संकलनाचे आहे. लग्नविधीत धवलेरी जी गाणी म्हणते, कणसरीच्या ज्या कथा भगताच्या तोंडी आहेत, तारप्याच्या नाचाशी जोडलेले जे बोल आहेत, ते बहुतांशी वृद्धांच्या स्मरणात आहेत. एक धवलेरी गेली की तिच्यासोबत किती ओळी गेल्या, याचा हिशोब लागत नाही. नात किंवा नातू त्या गाण्यांची वही करतो, कुठेतरी टाइप करून घेतो, शंभर प्रती काढतो. तेच त्या गाण्यांचे पहिले लिखित रूप असते आणि अनेकदा शेवटचेही.

शिवाय या प्रदेशाला लिहिले जाण्याचा एक इतिहास आहे. मे १९४५ मध्ये तलासरीजवळ झरी येथे हजारो वारली जमले आणि वेठ व लग्नगडीची पद्धत संपवण्याचा लढा उभा राहिला. गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' १९७० मध्ये आले, १९७२ मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि मराठी वाचकाला हा भाग प्रथमच आतून दिसला. त्या पुस्तकाचे मोल आम्ही वर्गात दर वर्षी सांगतो. परंतु त्यात वारली माणूस बोलतो आणि लिहितो दुसरे कोणी. ज्यांच्याविषयी लिहिले गेले त्यांची नातवंडे आज स्वतः लिहीत आहेत, ही आमच्या दृष्टीने या प्रदेशातील अलीकडची सर्वांत मोठी वाङ्मयीन घटना आहे. त्या लेखनाची पाने टिकणार की नाहीत, हे ठरवण्यात फॉन्टचाही वाटा आहे.

हा वाटा कसा, ते समजण्यासाठी थोडे तांत्रिक बोलणे भाग आहे. संगणकावर मराठी आली तेव्हा एका फॉन्टमध्ये जास्तीत जास्त २५६ घरे होती. त्या घरांत मुळात रोमन अक्षरांची वस्ती होती. आपल्याकडच्या कंपन्यांनी ती अक्षरे काढून त्यांच्या जागी काना, वेलांटी, अर्धा क, पूर्ण ख, रफार असे देवनागरीचे तुकडे बसवले. प्रत्येक कंपनीने ते आपल्या सोयीने बसवले. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, आयएसएम यांची मांडणी एकमेकांशी जुळत नाही ती यामुळे. अशा फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर संगणकाच्या लेखी मराठी नसतोच, तो रोमन अक्षरांचा निरर्थक पुंजका असतो आणि त्याला देवनागरीचा अंगरखा घातलेला असतो. अंगरखा हरवला, म्हणजे तो विशिष्ट फॉन्ट त्या संगणकावर नसला, की खालचा पुंजका उघडा पडतो.

युनिकोडची रीत वेगळी आहे. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून त्यात देवनागरीला १२८ घरांचा स्वतंत्र कोठा आहे. तेथे क म्हणजे क हेच नोंदवले जाते, तो कसा दिसावा हे फॉन्ट ठरवतो. फॉन्ट बदला, मजकूर तोच राहतो. शोधला तर सापडतो, दृष्टिहीन वाचकाला संगणक तो वाचून दाखवू शकतो, वीस वर्षांनी दुसऱ्या यंत्रावर उघडला तरी तो मराठीच असतो.

कोणी म्हणेल, की जुने फॉन्ट ही आता इतिहासजमा गोष्ट आहे. आमचा अनुभव तसा नाही. तालुक्याच्या गावी झेरॉक्सच्या दुकानात, लग्नपत्रिका छापणाऱ्या लहान छापखान्यात, अजूनही तेच फॉन्ट पेजमेकरसह चालू आहेत. आमच्या एका विद्यार्थिनीने आजीकडून उतरवून घेतलेल्या गाण्यांची फाइल अशाच एका दुकानात बनली. काही वर्षांनी दुसरी आवृत्ती काढायची म्हणून ती फाइल उघडली, तेव्हा पडद्यावर रोमन अक्षरे, प्रश्नचिन्हे आणि डोक्यावर टिंबे असलेली युरोपीय स्वरचिन्हे दिसली. दुकान बंद झालेले होते. आजी हयात नव्हती. छापील प्रत होती म्हणून सर्व पुन्हा टाइप करता आले. रूपांतर करणाऱ्या आज्ञावली आहेत, हे खरे. पण जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर टाइप होतो, युनिकोडमध्ये दोघांची जागा उलट. अशा ठिकाणी यंत्र चुकते. प्रमाण मराठी मजकुरातली ती चूक आपण वाचतानाच पकडतो. ज्या बोलीचा छापील कोश हाताशी नाही तिच्या गाण्यातली चूक कोण पकडणार? ती पाठभेद म्हणून पुढे चालत राहील.

आणखी एक गोष्ट खास या सीमेवरची. १९६० पर्यंत उंबरगाव तालुका ठाणे जिल्ह्यात होता, राज्ये वेगळी झाली तेव्हा तो गुजरातेत गेला. वारली कुटुंबे मात्र राज्यांच्या हिशोबाने विभागलेली नाहीत. तलासरीच्या मुलीची मावशी उंबरगावला असते, काका दादरा-नगर हवेलीत. इकडची मुले देवनागरी शिकतात आणि तिकडची बहुतेक गुजराती. गाणे तेच, लिपीमुळे भाऊ भावाचे पुस्तक वाचू शकत नाही. युनिकोडमध्ये या दोन्ही लिप्यांचे कोठे एकाच क्रमाने लावलेले आहेत. देवनागरी क आणि गुजराती क यांच्यात ३८४ घरांचे अंतर आहे, म आणि म यांच्यातही तेवढेच. म्हणजे युनिकोडमधला संपूर्ण संग्रह क्षणार्धात गुजराती लिपीत उतरवता येतो. दऱ्यांतल्या त्या आडव्या रेघेचे घर गुजराती कोठ्यात रिकामे आहे, तेथे हाताने दुरुस्ती करावी लागेल. एका संकलनाची सीमेपलीकडे दुसरी आवृत्ती निघू शकते, तीही जवळजवळ फुकट. जुन्या फॉन्टच्या आंधळ्या फाइलीतून हे होणे नाही. 'फॉन्टने काय फरक पडतो' असे विचारणाऱ्यास हे एक उत्तर पुरे व्हावे.

आता आमच्याच व्यवसायबंधूंच्या आक्षेपाकडे वळू. ते म्हणतात, साहित्यात महत्त्व आशयाला, अक्षराच्या वळणाला काय घेऊन बसलात? हा आक्षेप मराठी मुद्रणाच्या परंपरेत बसत नाही. जावजी दादाजी चौधरी यांनी १८६४ मध्ये टाइप ओतण्याचा कारखाना काढला आणि निर्णयसागर छापखाना नंतर, १८६९ मध्ये. आधी अक्षर, मग पुस्तक. राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या त्या खिळ्यांमुळे निर्णयसागरची संस्कृत व मराठी पुस्तके देशभर प्रमाण मानली गेली. बापूराव नाईकांना देवनागरीच्या मुद्राक्षरविद्येवर तीन खंड लिहावेसे वाटले आणि ते १९७१ मध्ये प्रसिद्ध झाले. या लोकांना आशयाचे महत्त्व कळत नव्हते असे म्हणायचे आहे काय? त्या काळी लेखकाने अक्षराचा विचार केला नाही तरी चालत असे, कारण त्याच्यासाठी तो विचार करणारे मालक, जुळारी आणि मुद्रितशोधक छापखान्यात बसलेले होते. स्वप्रकाशनात ही सारी माणसे गळून पडली आहेत. त्यांचे काम लेखकाकडे आले आहे, आणि लेखक ते दुकानातल्या मुलाकडे ढकलतो, ज्याला दिवसभरात वीस लग्नपत्रिका उरकायच्या असतात.

दुसरा प्रकार याच्या नेमका उलट आहे आणि तो आम्हांला अधिक टोचतो. आदिवासी लेखकाचे पुस्तक म्हटले की मुखपृष्ठावर 'वारली पद्धतीची' अक्षरे. काना म्हणजे काठी घेतलेला माणूस, मात्रा म्हणजे त्याचे हात, अनुस्वार म्हणजे डोके. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून उभे केले की झाला आदिवासी संग्रह! असे फॉन्ट तयार मिळतात, आणि हितचिंतक ते कौतुकाने सुचवतात. वारली भिंतीवरचा लग्नचौक सवाशिणी तांदळाच्या पिठाने काढतात. त्यात पालघट देवी असते आणि त्या चौकावाचून लग्न लागत नाही. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ती चित्रभाषा कागदावर आणली, ती जगभर गेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या चित्रभाषेचे स्वतःचे व्याकरण आहे. त्या व्याकरणातून दोन त्रिकोण उचलून त्यांची बाराखडी करणे म्हणजे विधीचे शिक्क्यात रूपांतर करणे होय. आणि हा शिक्का बसतो फक्त एकाच प्रकारच्या लेखकावर. पुण्याच्या कवीच्या संग्रहाचे नाव पुणेरी पगडीच्या आकाराच्या अक्षरांत छापलेले कोणी पाहिले आहे काय? त्याला साधे, नेटके अक्षर मिळते, कारण त्याचे पुस्तक 'साहित्य' असते. आमच्या विद्यार्थ्याचे पुस्तक 'लोककला' ठरते, ते उघडण्याच्या आधीच. लेखकाला स्वतःला मुखपृष्ठावर चित्र हवे असेल तर त्याने ते खुशाल घ्यावे, गावातल्या चित्रकाराकडून काढून घ्यावे, त्याचे नाव आणि मानधन द्यावे. अक्षरे मात्र अक्षरांसारखी असू द्यावीत.

आतल्या पानांविषयी बोलताना वाचक कोण, हे विसरून चालणार नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला सुरू केलेले काम १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर आले आणि अनुताई वाघांनी ते पुढे चालवले. मुलाला त्याच्या परिसरातल्या वस्तूंतून शिकवावे, हा त्या दोघींचा आग्रह होता. त्याच न्यायाने, ज्या घरात अक्षरओळख एकदोन पिढ्यांचीच आहे, त्या घरात वाचले जाणारे पुस्तक डोळ्याला सोपे हवे. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, ष आणि प यांतला फरक दिव्याच्या उजेडातही स्पष्ट दिसला पाहिजे. पॉइंट हे माप अक्षराच्या चौकटीचे असते, प्रत्यक्ष अक्षराचे नव्हे. 'कोकिळा' हा फॉन्ट १४ पॉइंटला जेवढा दिसतो त्यापेक्षा 'मंगल' १२ पॉइंटला मोठा दिसतो. म्हणून आकडा विचारू नये, पान छापून हातात घ्यावे. देवनागरीत वर मात्रा-रफार आणि खाली उकार-रुकार असल्याने ओळींमध्ये ऐसपैस जागा लागते. अक्षर १४ पॉइंटचे असेल तर ओळ २० पॉइंटच्या आसपास ठेवावी. पाने वाचवण्यासाठी ओळी चेपल्या की उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. फॉन्टमध्ये ठळक रूप मुळात नसताना संगणकाला ठळक करायला सांगितले तर तो अक्षरे फासतो, त्यांची पोकळी भरून जाते. तिरपे देवनागरी तर टाळावेच, ती रोमनची रीत आहे. पुस्तक झेरॉक्सवर निघणार असेल तर फार बारीक रेघांचा फॉन्ट नको, दहाव्या प्रतीला शिरोरेषा तुटू लागते.

'मंगल'विषयी एक शब्द. सुलेखनकार आणि कवी र. कृ. जोशी यांच्या हातचा हा फॉन्ट विंडोजबरोबर आला आणि मराठी युनिकोडची पायवाट त्याने घातली, याबद्दल कृतज्ञताच आहे. पण तो पडद्यासाठी घडवलेला आहे. संगणकाने समोर ठेवला म्हणून त्यात दोनशे पानांचे पुस्तक छापणे हा घडवणाऱ्यावरही अन्यायच.

मग घ्यावे काय? राज्य मराठी विकास संस्थेचा 'यशोमुद्रा', त्याच्यावरून मुंबईच्या आयआयटीत विकसित झालेला 'शोभिका', 'तिरो देवनागरी मराठी', मुंबईच्या 'एक टाइप'चा 'मुक्त' हे सारे युनिकोड आहेत, विनामूल्य आहेत आणि पुस्तकात वापरण्याची मुभा देणारे आहेत. हा शेवटचा मुद्दा नीतीचा आहे. विद्यार्थ्याने दोन परिच्छेद उचलले तर आपण त्याला वाङ्मयचौर्य म्हणतो, आणि स्वतःचा संग्रह चोरून घेतलेल्या फॉन्टमध्ये छापतो. फॉन्ट घडवणे हेही वर्षानुवर्षांचे लेखन आहे.

निवडलेला फॉन्ट पारखण्यासाठी एकच ओळ पुरते. तीत हे शब्द टाइप करावेत : दर्या, दऱ्या, तऱ्हा, वाङ्मय, उद्ध्वस्त, हृदय, ब्रह्म, पश्चिम, राष्ट्र, रुपया, रूप, ॲसिड, गंऽ. शेवटचा शब्द गाणी छापणाऱ्यांसाठी : लांबवलेल्या स्वराचे चिन्ह काही फॉन्टमध्ये नसते, आणि लग्नगीतात ते ओळीओळीला लागते. यातला एकही शब्द मोडला तर तो फॉन्ट बाजूला ठेवावा.

ल आणि श यांच्या वळणावरून मात्र आमच्यातच थोडा वाद आहे. मराठी पाकळीचा ल आणि मराठी देठाचा श यांचा आग्रह म्हणजे पुन्हा प्रमाणभाषेचीच सक्ती नव्हे काय, असे एक सहकारी विचारतात. प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर असे : तलासरीच्या आश्रमशाळेत मूल जे ल गिरवते, तेच त्याला पुस्तकात भेटावे. काही फॉन्टांत दोन्ही वळणे असतात, मजकुराची भाषा 'मराठी' अशी नोंदवली की आपले वळण उमटते. सक्तीचा धोका खरा आहे, पण तो वळणात नाही, शब्दांना हात लावण्यात आहे. युनिकोड लेखकाला प्रमाणलेखनाची अट घालत नाही. संगणकाचा शब्दशोधक किंवा अति उत्साही मुद्रितशोधक मात्र वारली रूपे 'दुरुस्त' करून टाकतो. त्याला तेथेच थांबवावे. अक्षर वाचकाच्या ओळखीचे असावे आणि शब्द लेखकाचा.

राहता राहिला छापखान्याचा आक्षेप : 'आमच्याकडे युनिकोड चालत नाही.' पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची. त्यात चालत नाही, हे खरे. पण इनडिझाइनच्या आजच्या आवृत्तींत चालते, फुकट मिळणाऱ्या लिब्रेऑफिसमध्येही चालते. लेखकाने मजकूर स्वतः युनिकोडमध्ये टाइप करावा, फोनवर केला तरी चालेल, पाने लिब्रेऑफिसमध्ये लावावीत आणि छापखान्याला फॉन्ट अंतर्भूत केलेली पीडीएफ द्यावी. छापखान्याने फक्त छापावे. मूळ फाइल मात्र लेखकाच्या घरी, महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आणि आणखी एका ठिकाणी, अशी तिहेरी राहावी.

यात मराठी विभागांची जबाबदारी सर्वांत मोठी आहे. मुद्रितशोधनाच्या खुणा आपण अभ्यासक्रमात शिकवतो, पण ज्या अक्षरांवर त्या खुणा करायच्या त्यांविषयी मौन पाळतो. लघुप्रबंधाच्या सूचनांत एखाद्या जुन्या फॉन्टचे नाव आणि आकार वर्षानुवर्षे तसाच छापला जातो, तो तेथे का आहे हे कोणालाच सांगता येत नाही. आमची मागणी साधी आहे. पदव्युत्तर स्तरावर सादर होणारे प्रत्येक संकलन युनिकोड मजकुराच्या रूपात स्वीकारावे आणि जतन करावे. दोन तासिका फॉन्ट पारखण्यासाठी द्याव्यात. आणि 'ते डीटीपीवाला बघेल' हे वाक्य किमान मराठीच्या प्राध्यापकाने तरी उच्चारू नये. डीटीपीवाला त्याला सांगितले तेवढे बघतो. काय बघायचे हे सांगण्याचा पगार आपण घेतो.